मळ्यातली टाकी

दनकौर, ६ ऑक्टोबर २०२५

गिरिजा,

हे अकरावं पत्र. आधीची दहा तू उघडलीस की नाही, ठाऊक नाही. परत आली नाहीत, एवढ्यावर मी समाधान मानते. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलास त्याला पुढच्या महिन्यात चार वर्षं होतील. मिरजेचा पोस्टमन तरी मला अडवत नाही.

मळ्यावर नवीन माणसं आली आहेत. परीक्षित आणि रुचिता, नवरा-बायको. दोघंही नोएडात कंप्युटरच्या कंपनीत होते, कंटाळले, नोकऱ्या सोडल्या. तू गेलीस तेव्हा सहा घरांची पाच झाली होती, आता पुन्हा सहा झाली. त्यांना तुमच्या दोन खोल्या दिल्या. मला ते नको होतं. पण मीटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर केले, तेव्हा मीही केला.

रुचिता फार प्रश्न विचारते. परवा शेंगा निवडताना म्हणाली, "काकू, हे सगळं स्टार्ट कसं झालं?" मी सांगितलं. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही सगळे महाराष्ट्रातले, मागच्या बाजूला सगळ्यांनी मिळून भाजी लावायचो. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं, आणि मग कुठे जायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा तुझे भाऊजी म्हणाले, सगळे मिळूनच कुठेतरी जाऊ. यमुनेपलीकडे, दनकौरच्या पुढे दहा बिघे जमीन घेतली. एक बोअर, एक स्वयंपाकघर, चार गायी. बियाणं आपलं, खत आपलं, बाजारातून फक्त मीठ, तेल आणि चहा-साखर. सगळं तिला सांगितलं. नरसिंहरावांचं तेवढं सांगितलं नाही. ती ज्या खोलीत झोपते ती कुणाची, हे तिनेही विचारलं नाही. तिला कळलं असावं.

तुला आठवतं, ते रोज सकाळी अनवाणी वाफ्यांमधून हिंडत हजेरी घ्यायचे? पहाडगंजच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. "चुका? हजर. अंबाडी? हजर. दुधी? गैरहजर, बापाला घेऊन या." आता हे घेतात तशी हजेरी. मोठ्याने नाही. खोकत खोकत, ओठातल्या ओठात. परवा रुचिताने मला हळूच विचारलं, "काका कुणाशी बोलतात?"

आणखी एक. गेल्या मंगळवारी भर दुपारी, गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या विटांवर ओली पावलं होती. अनवाणी. सगळे जेवून पडले होते, बोअर बंद होता. मी फडक्याने पुसून काढली. पुसताना मला वाटलं, हे तुला कळवावं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

मी त्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, गिरिजा. हे मी आधीच्या दहाही पत्रांत लिहिलं आहे. पुन्हा लिहिते.

तुझी,
ताई

दनकौर, २४ ऑक्टोबर

गिरिजा,

दिवाळीला कृतिका आली होती. ऑफिसातून सरळ कॅब करून आली, दोन तास थांबली. केस कापले आहेत, छान दिसते. हसली की अगदी नरसिंहरावांसारखी मान मागे टाकते, तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागतं. "मावशी, अंबाडी म्हणजे ती खट्टी पानं ना?" म्हणून विचारत होती. पिशवी भरून दिली.

तिने सांगितलं की तू माझी पत्रं शिवणयंत्राच्या खणात ठेवतेस. उघडलेली की बंद, ते मी विचारलं आणि तिने ऐकलं न ऐकलंसं केलं.

भाऊबिजेच्या सकाळी मीटिंग झाली. परीक्षितचं म्हणणं, गोबरगॅसची टाकी एवढी चांगली बांधलेली, ती बंद का? शेण आहे, पाणी आहे, आणि आपण सिलेंडर आणतो. "हे तर चीटिंग झालं ना काका, स्वतःशीच." त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मग हे म्हणाले, "टाकीत एक माणूस गेला आहे आमचा. माझा साडू."

परीक्षितचा चेहरा उतरला. सॉरी सॉरी म्हणत राहिला. हे म्हणाले, "सॉरी कशाला? तुझं बरोबर आहे. टाकी चालू करायची. आत चार वर्षांचा गाळ सुकला असेल, तो काढावा लागेल. टाकी मी बांधली, गाळ मीच काढणार. दुसरं कुणीही आत उतरणार नाही."

मी म्हटलं, "तुमचं वय काय, छाती कसली."

"तेरा तारखेला," हे म्हणाले, आणि उठून गेले.

तेरा नोव्हेंबर. तूच सांग, दुसरा दिवस मिळाला नाही यांना?

नरसिंहराव मला दिसतात, गिरिजा. तू मला वेडी म्हणशील. दुपारच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभे असतात, डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात घमेलं. मी पोळ्या लाटत असते. ते काहीतरी विचारतात. ऐकू येत नाही. मी मान वर केली की दारात ऊन असतं.

ताई

दनकौर, ९ नोव्हेंबर

गिरिजा,

धुरकं इतकं आहे की गोठ्यातून टाकी दिसत नाही. यांचा खोकला वाढला आहे. त्या दिवशी शेजारच्या चौधरीजींनी यांच्या कमरेला दोर बांधून आत सोडलं, श्वास रोखून यांनी नरसिंहरावांना धरलं आणि दोघांना एकदम वर ओढलं, तेव्हापासूनचा तो खोकला. नाकाला वास येत नाही तोही तेव्हापासून. माती भिजली की हे माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "येतोय का वास?" मी येतोय म्हणते.

काल यांनी शिडी बनवली. बाभळीची, नवीन. परीक्षित मदतीला गेला तर त्याला परत पाठवलं. परीक्षित माझ्याकडे आला. "काकू, मी वाचलंय, झाकण उघडून ब्लोअर लावून ठेवावं लागतं, मग जनावर सोडून बघतात. काका म्हणतात झाकण त्याच दिवशी उघडणार. असं कसं?"

मी यांना विचारायला गेले. टाकीच्या कडेवर बसले होते.

"झाकण आधी का उघडत नाही?"

"उघडेन की."

"कधी?"

मग म्हणाले, "भानू, नरसिंह मला काहीतरी विचारतो."

मी यांच्या शेजारी कडेवर बसले.

"हजेरी घेताना मागून येतो. विचारतो. शब्द कळत नाहीत. पण मला ठाऊक आहे काय विचारत असेल. झाकणाला कुलूप का नाही लावलंस, असं विचारत असेल. नुसतं सांगून मोकळा झालास, असं. तू सगळ्यांना सांगितलंस, त्यालाही सांगितलंस. तरी तो उतरला. माझा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. मग त्या दिवशी का मोडला? गिरिजा मला खोटारडा म्हणून गेली. मी रोज विचार करतो, कुठे चुकलं माझं. आत जाऊन एकदा बघतो."

"आत काय बघणार?"

"तो काय विचारतो ते नीट ऐकू येईल," म्हणाले.

तू घराबाहेर पडताना यांच्या तोंडावर बोललीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "ह्यांना तुम्हीच आत पाठवलंत, आणि आता बजावलं होतं म्हणून सांगता. पुन्हा मला तोंड दाखवू नका." हे तेव्हाही गप्प राहिले. मीही गप्प राहिले. मी यांच्या मागे उभी होते.

त्या शनिवारची सकाळ मी लिहून बघते. आदल्या दिवशी पंप लावून टाकीतली मळी उपसली होती. सकाळी सहाला यांनी झाकण काढलं. रविवारी लक्ष्मीबाई नगरची आणि ऑफिसातली चाळीस माणसं जेवायला यायची होती, मळ्याला एक वर्ष झालं म्हणून. पंगत कडुलिंबाखाली बसायची होती, टाकीपासून वीस पावलांवर. वास सुटला होता. मी म्हटलं, आजच झाकण काढायचं अडलं होतं का? हे म्हणाले, "पंप परत द्यायचा होता. आणि पाहुण्यांनी शेणाचा वासही घ्यावा, त्याशिवाय भाजी कुठून येते ते कसं कळणार?" मग मंडईला निघाले. निघताना म्हणाले, "चार दिवस कुणी टाकीजवळ जायचं नाही. आत वायू असतो, दिसत नाही. सगळ्यांना सांग."

मी

पुढचं आज लिहवत नाही.

दनकौर, १२ नोव्हेंबर, दुपार

गिरिजा,

उद्या तेरा. यांनी गाळ काढायचं घमेलं धुऊन उन्हात उपडं घातलं आहे. परीक्षितला सकाळी काहीतरी कामाचं निमित्त सांगून दिल्लीला पाठवायचं ठरवलं आहे. मला सगळं दिसतं आहे.

मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

लिहिलं. आता बाकीचं लिहिते.

मला राग आला होता. चाळीस माणसं. बत्तीस वर्षं ज्या बायकांबरोबर मंत्रालयात फायली उपसल्या, त्या येणार होत्या. त्या म्हणायच्या, "भानुमती, रिटायर होऊन गोठ्यात राहणार तू?" मला त्यांना दाखवायचं होतं. सारवलेलं अंगण, केळीच्या पानांवर आपल्याच मळ्यातलं जेवण. आणि अंगणाच्या मधोमध ती उघडी टाकी आणि तो वास. मला वाटलं, यांना माझ्या कशाचीच किंमत नाही. म्हणून यांचा निरोप मी सांगितला नाही. सांगेन, सांगेन म्हणत वाटण वाटत बसले.

बारा वाजता नरसिंहराव दारात आले. डोक्याला पंचा, हातात घमेलं. तू कृतिकाच्या हॉस्टेलवर गेली होतीस. ते म्हणाले, "ताई, तळाला गाळ राहिलाय. मी काढून टाकू का? संध्याकाळपर्यंत झाकण बसवून टाकतो, उद्या वास नको तुमच्या पंगतीला."

माझ्या पंगतीला म्हणाले. मला बरं वाटलं की कुणाला तरी कळतं.

मी म्हटलं, "काढा की."

ते निघाले नाहीत. जपणारा माणूस होता. दारातच थांबून यांचं नाव घेऊन म्हणाले, "खंडेरावांनी सांगितलंय ना, चालेल म्हणून?"

गिरिजा, मी पोळपाटावरून मान वर केली नाही. मी म्हटलं, "हो, सांगितलंय त्यांनी. कालच उघडलंय झाकण."

"मग ठीक," म्हणाले आणि गेले.

हेच विचारतात ते रोज. मला पहिल्या दिवसापासून स्पष्ट ऐकू येतं. ऐकू येत नाही असं मी तुला लिहिलं, ते खोटं.

पंधरा-वीस मिनिटांनी गायी हंबरायला लागल्या. मी गेले तर शिडी उभी होती आणि आतून काहीच आवाज येत नव्हता. मी हाका मारल्या. तेवढ्यात हे मंडईतून आले. पुढचं तुला माहीत आहे.

अंगणात त्यांना झोपवलं होतं आणि हे धापा टाकत, डोळे लाल, मला विचारत होते, "तू सांगितलं होतंस ना? त्याला सांगितलं होतंस ना?" मी हो म्हटलं. यांचा विश्वास बसला. पोलिसांना यांनी तेच सांगितलं. मीही तेच सांगितलं, सही केली. तुला तेच सांगितलं. तू ओळखलंस की हे खोटं आहे. फक्त खोटं बोलणारं माणूस तू चुकीचं धरलंस, आणि मी तुला धरू दिलं.

का, म्हणून विचारशील. सुरुवातीला भीती. मग वाटलं, तुझा राग निवळेल, मग सांगू. मग तू गेलीस. मग रोज सकाळी हे हजेरी घेताना दिसायचे आणि वाटायचं, आता सांगितलं तर हे माझ्याकडे कसे बघतील? चार वर्षं मी यांना त्या टाकीच्या कडेवर बसू दिलं. त्यांचा चहा मी तिथे नेऊन देत होते.

माफी मागत नाही. तुझा नवरा मी पाठवला. नंतर तुझं माणूसही तुझ्यापासून तोडलं. आपले दादा गेल्यापासून तू यांनाच भावाच्या जागी मानत होतीस.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पाकीट बंद न करता यांच्या हातात देणार आहे. ते आधी वाचतील. मग त्यांना तुझ्याकडे यायचं असेल तर येतील. एकच मागणं आहे. मला काहीही म्हण, पण ते आले तर दार उघड.

भानू

दनकौर, १४ नोव्हेंबर

गिरिजा,

हे पत्र मागून येतं आहे. ते तुझ्याकडे पोचले असतील किंवा आज पोचतील.

परवा दुपारी त्यांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं. नंतर खाटेवर बसून परत वाचलं. मी दारात उभी होते. मला वाटलं ओरडतील. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, बराच वेळ.

"कालच उघडलंय म्हणालीस?"

"हो."

"आणि त्याने माझं नाव घेऊन विचारलं?"

"हो."

"म्हणजे त्याने माझा शब्द मोडला नव्हता."

ते रडले. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, मी त्यांना एकदाच रडताना पाहिलं होतं, त्यांची आई गेली तेव्हा. हे रडणं वेगळं होतं. सुटल्यासारखं. मी जवळ गेले तर त्यांनी हात आडवा केला.

तेरा तारखेला सकाळी त्यांनी परीक्षितला हाक मारली. म्हणाले, "ब्लोअर लावून काही करू नकोस, टाकी बुजवून टाका. गॅस करायचा असेल तर नवीन टाकी बांधू, दुसऱ्या जागी, वर तंबूसारखी, जिच्यात कुणाला उतरावं लागत नाही अशी. मी नकाशा देतो." मग पिशवी भरली. परीक्षितने निजामुद्दीनला सोडलं. तिकीट नव्हतं, तसेच जनरलच्या डब्यात चढले. सदुसष्ट वर्षांचा माणूस. पत्र सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं. माझ्याशी शब्दही बोलले नाहीत.

भानू

दनकौर, १२ डिसेंबर

गिरिजा,

तू कृतिकाकडून निरोप पाठवलास की आता लिहू नकोस. म्हणून हे शेवटचं. तू सांगितलेली दोन कामं झाली, तेवढं कळवायचं आहे.

त्यांनी परत आल्यावर तुझ्याकडचं मला काही सांगितलं नाही. कृतिकाने सांगितलं. तू दार उघडलंस, बघत राहिलीस, आणि पाणी आणायला आत गेलीस ती पाऊण तास बाहेर आली नाहीस. ते ओट्यावर बसून राहिले. मग तू त्यांना जेवायला वाढलंस. बारा दिवस ठेवून घेतलंस. मागच्या अंगणात त्यांनी तुला वाफे करून दिले, हेही कृतिका म्हणाली. माझी सगळी पत्रं तू एका दुपारी बसून वाचलीस, ओळीने, पहिल्यापासून. त्यातल्या प्रत्येकात मी एकच खोटं लिहिलं होतं. ती दुपार तुझी कशी गेली असेल, याचा विचार मी करते.

पहिलं काम. मागच्या रविवारी सगळ्यांना बसवून मी सांगितलं. मळ्याच्या सहकारी मंडळाचं इतिवृत्त त्या वर्षी मीच लिहीत होते. माझ्याच अक्षरात तिथे आहे, "सूचना देऊनही ते टाकीत उतरले." त्याच्याखाली आता लिहिलं, "वरील नोंद खोटी आहे. नरसिंहरावांना कोणतीही सूचना दिलेली नव्हती. त्यांनी विचारल्यावर भानुमतीने त्यांना धोका नसल्याचं खोटं सांगितलं." सगळ्यांनी सह्या केल्या. यांनी सगळ्यांच्या शेवटी केली. त्या दिवशी जेवताना माझ्या शेजारचा पाट रिकामा राहिला. मी कुणाला दोष देत नाही.

दुसरं काम. पोलीस चौकीत मी एकटी जाणार होते. सकाळी फाटकाशी कृतिका उभी. "मी येतेय," एवढंच म्हणाली. टेम्पोत आम्ही दोघी समोरासमोर बसलो. तिथला मुन्शी, तक्रारी लिहून घेणारा, म्हातारा होता. सगळं ऐकून म्हणाला, "माताजी, चार साल हो गए. फाइल बंद है. अब क्यों लिखवा रही हो?" कृतिका म्हणाली, "आप लिखिए. मेरे पापा का नाम है उसमें." त्याने लिहून घेतलं. पुढे काय होईल ते वरचे ठरवतील म्हणाला. जे होईल ते होवो. मी पत्ता दिला आहे, मी इथेच असेन.

टाकी बुजवली. गाळाची माती, विटांचे तुकडे, वरून शेणखत. रुचिता तिथे काही लावू या म्हणाली, यांनी नको म्हटलं. ती जागा तशीच मोकळी राहणार आहे.

हे आता वेगळ्या खोलीत झोपतात. खोकला कमी आहे. हजेरी घेत नाहीत. एकदा परीक्षितला सांगत होते ते मी ऐकलं, "आता शांत वाटतं रे. कुणी मागे येत नाही." म्हणजे त्यांच्याकडे यायचं थांबलं. माझ्याकडे नरसिंहराव रोज येतात, दुपारी, दारात. तेच विचारतात. मी खरं उत्तर देते. त्याने काही बदलत नाही, पुन्हा दुसऱ्या दिवशी येतात. मी पोळ्या करायची वेळ बदलून पाहिली नाही. यावं त्यांनी.

चौकीतून आम्ही दोघी परतलो. फाटकाशी मी सवयीने म्हटलं, "थांब, भाजी देते." ती म्हणाली, "नको." मी मान हलवली. ती वळली, चार पावलं गेली आणि थांबली. पाठमोरीच म्हणाली, "रविवारी येईन मी. तुझ्यासाठी नाही. काकांना छातीच्या डॉक्टरकडे न्यायचंय. त्यांचे जुने रिपोर्ट काढून ठेव."

मी बरं म्हटलं. आत जाऊन लगेच रिपोर्ट शोधायला बसले.

ताई लिहू की नको, ते कळत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिते.

भानुमती